हवामान बदल, तब्येत आणि मतदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की कुठला ना कुठला सर्व्हे फिरायला लागतो. एकात असतं की लोक हवामान बदलाने धास्तावलेत, दुसऱ्यात असतं की कुणालाच काही पडलेलं नाही, आणि मग लोक त्यावरून एकमेकांच्या अंगावर जातात. हे आकडे वाचायचे कसे आणि त्यात आरोग्याचा मुद्दा कुठे बसतो, यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं एका जागी टाकतोय. क्रमाने वाचायची गरज नाही.

लोकांना हवामान बदलाची काळजी खरंच वाटते का?

वाटते, आणि भरपूर लोकांना वाटते. यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीने मिळून केलेल्या २०२४ च्या सर्व्हेत ७७ देशांतल्या ७३ हजारांहून जास्त लोकांना विचारलं, त्यातले ८० टक्के म्हणाले की आमच्या सरकारने यावर आणखी जोर लावला पाहिजे. त्याच वर्षी 'नेचर क्लायमेट चेंज' या जर्नलमध्ये १२५ देशांतल्या जवळपास १ लाख ३० हजार लोकांच्या उत्तरांवरचा अभ्यास आला, त्यात सरकारने जास्त काहीतरी करावं म्हणणारे ८९ टक्के निघाले. युरोपियन युनियनच्या युरोबॅरोमीटर या जनमत सर्व्हेत २०२३ मध्ये ९३ टक्के लोकांनी हा गंभीर प्रश्न आहे असं सांगितलं. तेव्हा 'लोकांना काही फरक पडत नाही' हे जे ठोकून दिलं जातं ते निदान आकड्यांत तरी कुठे सापडत नाही.

मग निवडणुकीत हा विषय दिसत का नाही?

कारण 'काळजी वाटते' आणि 'यावरून मत ठरवतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातमीत त्या एकत्र कालवल्या जातात.

समजा तुम्हाला फोन आला आणि समोरच्याने विचारलं, "हवामान बदलाची तुम्हाला किती काळजी वाटते? खूप, थोडी, अजिबात नाही?" तुम्ही बहुतेक 'खूप' किंवा 'थोडी' म्हणाल, कारण विषय त्यानेच काढलाय आणि 'अजिबात नाही' म्हणायला जरा जीभ अडखळते. आता तोच माणूस विषय न काढता विचारतो, "आज देशापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?" आणि गप्प बसतो. पर्याय नाहीत, काही नाही. तुमच्या तोंडून काय येईल? महागाई, नोकऱ्या, गुन्हेगारी, नाहीतर सरकारच. अमेरिकेत गॅलप ही सर्व्हे करणारी संस्था हे दोन्ही प्रकारचे प्रश्न कित्येक वर्षं विचारतंय. मोकळ्या प्रश्नात पर्यावरण आणि हवामानाचं नाव घेणारे साधारण दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतात, आणि वेगळ्या सर्व्हेत 'ग्लोबल वॉर्मिंगची खूप काळजी वाटते' म्हणणारे चाळीस टक्क्यांच्या आसपास. दोन्ही आकडे खरे आहेत, माणसंही त्याच देशातली, फक्त प्रश्न वेगळा.

म्हणून मी कुठलाही सर्व्हे हातात आला की तीन गोष्टी वेगवेगळ्या शोधतो. काळजी आहे का, बाकीच्या विषयांच्या रांगेत तिचा नंबर कितवा, आणि त्यासाठी माणूस किती किंमत मोजायला तयार आहे. पहिली जवळपास सगळीकडे सापडते. दुसरी आणि तिसरी शोधताना दमछाक होते.

हजार माणसांना विचारून सगळ्या देशाचं मत कसं कळतं?

निवड नीट रँडम असेल तर कळतं, अंदाजे. १००० लोकांच्या सॅम्पलला एरर मार्जिन साधारण ३ टक्के वर-खाली. म्हणजे सर्व्हेत ५२ आलं तर खरं मत ४९ ते ५५ च्या मध्ये कुठेतरी असेल, आणि तेही शंभरातल्या पंच्याण्णव वेळा. त्यामुळे गेल्या महिन्यात ५२ होतं आता ५० झालं, 'लोकांचा उत्साह मावळला' असली बातमी दिसली की सरळ पुढे जा.

खरा घोळ उपगटांत होतो. त्याच हजार लोकांतून कुणी 'दम्याचा त्रास असलेले ३० वर्षांखालचे मतदार' असा तुकडा काढला तर हातात उरतात फार तर शंभर माणसं, आणि शंभराला मार्जिन होतं जवळजवळ १० टक्के. आरोग्याच्या सर्व्हेत हे फार चालतं, कारण बातमी तिथेच असते.

दुसरं दुखणं म्हणजे लोक फोनच उचलत नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेच्या टेलिफोन सर्व्हेंना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळायचा, २०१८ मध्ये तो ६ टक्क्यांवर आला. मग वय, शिक्षण, भाग बघून उत्तरांना कमी-जास्त वजन द्यावं लागतं. ते चांगलं जमलं तर सर्व्हे बऱ्यापैकी बरोबर येतो, पण ज्याला या विषयात आधीच रस आहे तोच फोनवर थांबतो ही शंका काही पूर्ण जात नाही.

'मतदार' म्हणतात तेव्हा नक्की कुणाला विचारलेलं असतं?

हे बघायची सवय लावून घ्या. सगळे प्रौढ, यादीत नाव असलेले मतदार आणि खरंच मतदानाला जाण्याची शक्यता असलेले, हे तीन वेगळे घोळके आहेत आणि तिघांचे आकडे वेगळे येतात. ज्यांना हवामानाची जास्त धग बसते, म्हणजे उन्हात काम करणारे, कामासाठी गाव सोडून गेलेले, पत्र्याच्या घरात राहणारे, ते पुष्कळदा शेवटच्या घोळक्यात असतच नाहीत. नाव यादीत नसतं, पत्ता बदललेला असतो किंवा त्या दिवशीची मजुरी सोडून जाणं परवडत नाही.

आणि 'लोक' म्हणजे मतदार असंही नाही. यूएनडीपीच्या २०२१ च्या सर्व्हेत ५० देशांतले १२ लाख लोक होते, ६४ टक्क्यांनी याला इमर्जन्सी म्हटलं, आकडा जगभर गाजला. पण तो सर्व्हे मोबाइल गेममधल्या जाहिरातींतून झाला होता आणि त्यातले पाच लाखांहून जास्त जण १८ वर्षांखालचे होते. मुलांचं मत महत्त्वाचंच आहे, फक्त ते मतपेटीत पडत नाही.

हवामान बदलाचा तब्येतीशी संबंध काय? हा तर पर्यावरणाचा विषय ना?

जागतिक आरोग्य संघटनेने हवामान बदलाला मानवजातीपुढचा सगळ्यात मोठा आरोग्याचा धोका म्हटलंय, आणि त्यांचा अंदाज आहे की २०३० ते २०५० या काळात कुपोषण, मलेरिया, अतिसार आणि उष्णता या चारच कारणांनी दरवर्षी सुमारे २ लाख ५० हजार जास्तीचे मृत्यू होतील. चारच कारणं धरलीत हे लक्षात घ्या.

रस्ते बरेच आहेत. सरळ रस्ता उष्णतेचा. मग धूर, वणवे पेटले की पीएम २.५ चे, म्हणजे धुरातले अतिबारीक, कण शेकडो किलोमीटर लांबच्या फुप्फुसांत जातात. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांत थेट आगीने ३३ माणसं गेली आणि धुरामुळे गेलेल्यांचा अंदाज आहे ४१७. मग डास. डेंग्यूचा एडिस डास जिथे पूर्वी थंडीने टिकत नव्हता तिथे टिकायला लागलाय, लाइम हा आजार पसरवणाऱ्या गोचिडी कॅनडात वर वर सरकल्यात. ॲलर्जीवाल्यांसाठी परागकण, उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ मध्ये त्यांचा सीझन सुमारे २० दिवस लवकर सुरू व्हायला लागला आणि सुमारे ८ दिवसांनी लांबला. पुरानंतर दूषित पाणी, दुष्काळात अन्न, आणि या सगळ्यातून जाणाऱ्या माणसाच्या मनावरचा ताण, जो मोजायला सगळ्यात अवघड म्हणून सगळ्यात कमी मोजला जातो.

उष्णतेने एवढी माणसं जातात म्हणता, मग ती दिसत कशी नाहीत?

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

शरीर गरम झालं की हृदय रक्त कातडीकडे ढकलतं आणि घाम सुटतो, घाम वाळला की गारवा येतो. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, हृदय मात्र पळतच राहतं. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, किडनीवर ताण येतो. रात्री पारा उतरला तर शरीर सावरतं, रात्रही तापलेली असेल तर दुसऱ्या दिवशीचा ताण आदल्या दिवसावर चढतो. यात सत्तरी ओलांडलेल्या, आधीच हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला चौथ्या दिवशी घरात ॲटॅक येतो. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहितात? हृदयविकार. उन्हाचा उल्लेखही नाही, आणि डॉक्टरने काही चुकीचं लिहिलेलं नसतं.

मग मोजतात कसं? नेहमी त्या आठवड्यांत जितके मृत्यू होतात त्यापेक्षा किती जास्त झाले ते काढतात. या पद्धतीने २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांहून जास्त जास्तीचे मृत्यू मोजले गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेशी जोडलेले मृत्यू, पुन्हा युरोपातच, ६० हजारांच्या वर, त्यात म्हातारी माणसं जास्त आणि बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. ४३ देशांतल्या ७३२ ठिकाणांचा २०२१ मध्ये आलेला एक अभ्यास सांगतो की १९९१ ते २०१८ मध्ये उन्हाळ्यात उष्णतेने जे मृत्यू झाले त्यातले सरासरी ३७ टक्के माणसाने केलेल्या तापमानवाढीच्या खात्यात जातात.

आता याचा मतदानाशी संबंध जोडा. पूर आला की फोटो असतो, वाहून गेलेला पूल असतो, जाब विचारायला कुणीतरी समोर असतं. उष्णतेचे मृत्यू घराघरात, एकेकटे होतात, कारण दुसरंच लिहिलेलं असतं, आणि खरा आकडा वर्षभराने एखाद्या जर्नलमध्ये येतो. तोवर निवडणूक होऊन गेलेली असते. ज्या माणसाच्या घरात हे घडलं त्यालाही आपला माणूस कशाने गेला ते नीट माहीत नसतं, तो त्याबद्दल मत काय देणार?

लोकांना हा आरोग्याचा संबंध माहिती असतो का?

'हवामान बदलाने तब्येतीला धोका आहे का' असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. पण अमेरिकेत येल आणि जॉर्ज मेसन या युनिव्हर्सिटींच्या टीमने २०१४ च्या सुमारास लोकांना सांगितलं की एखादा आजार किंवा त्रास तुमच्या शब्दांत लिहा, तर जेमतेम चौथा हिस्सा लोकांना बरोबर एक तरी नाव घेता आलं. बहुतेकांनी कबूल केलं की या सर्व्हेच्या आधी यावर फारसा विचारच केला नव्हता.

याच टीमच्या सर्व्हेंत आणखी एक पॅटर्न वर्षानुवर्षं दिसतो. याचा फटका कुणाला बसेल विचारलं की पुढच्या पिढ्या, झाडं-प्राणी, गरीब देशातली माणसं यांना हो म्हणणारे खूप असतात, आणि प्रश्न 'तुम्हाला स्वतःला?' वर आला की आकडा धाडकन खाली येतो. धोका सगळ्यांना मान्य, पण दुसऱ्याच्या दारात.

हवेचं प्रदूषण आणि हवामान बदल एकच ना?

नाही, पण चूल बऱ्याच अंशी एकच आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पृथ्वी तापवतो, आणि सोबत बारीक कण निघतात जे लगेच छातीत जातात. कार्बन डायऑक्साइड श्वासात गेल्याने कुणी खोकत नाही. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे २०१९ मध्ये जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि हा आकडा पुष्कळ लोक उचलून थेट हवामान बदलाच्या नावावर टाकतात, ते चूक आहे. बरोबर मांडणी अशी की जळण कमी केलं तर दोन्हीकडे फायदा होतो. प्रदूषणाचा फायदा मात्र लवकर आणि तिथल्या तिथे दिसतो, म्हणून मतदाराला तो पटवणं सोपं जातं.

आरोग्याच्या भाषेत सांगितलं की लोकांचं मत बदलतं का?

थोडं. जादू बिदू काही नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकन लोकांना तीन प्रकारचे लेख वाचायला दिले, एकात हवामान बदल पर्यावरणाचा प्रश्न म्हणून, एकात आरोग्याचा म्हणून, एकात देशाच्या सुरक्षेचा म्हणून. आरोग्यवाल्या लेखाने वेगवेगळ्या मतांच्या लोकांत आशा वाटण्याचं प्रमाण जास्त आलं. सुरक्षेवाला लेख मात्र जे आधीच हा विषय मानत नव्हते त्यांच्यात उलटला, ते चिडले.

त्या प्रयोगातला आरोग्याचा लेख नुसता 'तुम्ही मराल' असं सांगत नव्हता, उपाय केले तर तब्येत सुधारेल हेही त्यात होतं. हा भाग विसरला जातो. घाबरवून सोडून दिलं की माणूस तोंड फिरवतो. आणि लेख वाचून लगेच दिलेलं उत्तर म्हणजे सहा महिन्यांनी मतदान केंद्रात दाबलेलं बटण नव्हे, मधल्या काळात त्याच्या पक्षाचा नेता काहीतरी बोललेला असतो, महागाई वाढलेली असते. प्रचारवाले हे प्रयोग दाखवून 'आरोग्य म्हणा आणि जिंका' असं विकतात तेव्हा मला जरा हसू येतं.

मग डॉक्टरांनी बोलावं का?

लोकांचा विश्वास तिथे आहे हे खरं. गॅलपच्या अमेरिकेतल्या 'कुठल्या पेशातली माणसं प्रामाणिक वाटतात' या यादीत नर्स १९९९ पासून जवळपास दरवर्षी पहिल्या असतात, राजकारणी तळाला असतात. १२ देशांतल्या ४६०० हून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारलेल्या, २०२१ मध्ये आलेल्या सर्व्हेत बहुतेकांना वाटत होतं की लोकांना आणि धोरण ठरवणाऱ्यांना हे सांगणं आपलं काम आहे. अडचण काय विचारलं तर वेळ नाही हे ठरलेलं उत्तर. बाहेर वीस पेशंट बसलेत आणि आत डॉक्टर कार्बनबद्दल बोलतोय हे काही होणार नाही. पण दम्याच्या पेशंटला 'धुराच्या दिवसांत बाहेर पळायला जाऊ नका आणि हे दिवस का वाढलेत माहितीये का' एवढं एक वाक्य सांगायला तास लागत नाही.

पूर, वणवा, हीटवेव्ह अंगावर आली की तरी लोक जागे होतात ना?

असं वाटतं खरं, पण अभ्यास थंड पाणी ओततात. २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात मागच्या आठवड्यातलं तापमान नेहमीपेक्षा सुमारे ३.१ अंश फॅरेनहाइट जास्त असेल तर हवामान बदल मानणाऱ्यांत साधारण एक टक्का भर पडत होती. एक टक्का! आणि उकाडा संपला की तीही ओसरते. टोकाच्या हवामान घटनांवरचे नंतरचे अभ्यासही तेच म्हणतात, परिणाम होतो, लहान असतो, लवकर विरतो.

मतदानावर थेट परिणाम मोजलेला मला सगळ्यात आवडलेला अभ्यास कॅलिफोर्नियाच्या वणव्यांवरचा, २०२० चा. वणव्याच्या अगदी जवळ राहणाऱ्या वस्त्यांमध्ये पर्यावरणाच्या बाजूच्या जनमत प्रस्तावांना पाच-सहा टक्के मतं जास्त पडली, जसजसं लांब जावं तसतसा परिणाम कमी. पण हे झालं डेमोक्रॅटिक पक्षाकडे कल असलेल्या भागांत. रिपब्लिकन भागांत घराजवळ आग येऊन गेली तरी जवळपास काही हललं नाही. दोघांनी धूर तोच घेतला, धुराचा अर्थ मात्र ज्याने त्याने आपल्या पक्षाकडून घेतला.

शिकलेली माणसं जास्त मानतात, मग शिक्षण दिलं की झालं ना?

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. २०१२ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात विज्ञान आणि गणितात हुशार असलेल्या लोकांत हवामानाच्या प्रश्नावर दोन टोकांतलं अंतर कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं, कारण हुशार माणूस आपल्या बाजूचे मुद्देही हुशारीने शोधतो. ५६ देशांतल्या सर्व्हे आणि अभ्यासांचा २०१६ चा एकत्रित आढावा सांगतो की वय, लिंग, शिक्षण आणि स्वतः भोगलेलं हवामान यांपेक्षा माणसाची राजकीय बाजू आणि मूल्यं जास्त वजनदार ठरतात.

तरी एक आशेची जागा आहे. राजकारणाची ही घट्ट गाठ अमेरिकेत फार मजबूत आहे, बऱ्याच देशांत ती बरीच सैल आहे. तिथे अजून कुठल्याच पक्षाने 'हे मानणं म्हणजे आमच्या विरोधात जाणं' असं ठरवलेलं नाही.

हा तरुणांचाच विषय आहे का?

तरुण जास्त बोलतात, पण तब्येत बघितली तर फटका म्हाताऱ्या माणसांना आधी बसतो, आणि मतदानाला रांगेत तीच जास्त असतात. स्वित्झर्लंडमध्ये दोन हजारांहून जास्त ज्येष्ठ बायकांच्या संघटनेने 'हीटवेव्हमध्ये आमच्या वयाच्या बायकांना जास्त धोका आहे आणि सरकार पुरेसं करत नाही' म्हणून थेट युरोपियन मानवी हक्क न्यायालय गाठलं, आणि ९ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आरोग्याचा मुद्दा घेऊन आजीबाई कोर्टात जिंकतात आणि प्रचारात मात्र अजूनही पोस्टरवर शाळेतल्या मुलीच असतात, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पैसे द्यायची वेळ आली की लोक काय करतात?

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. स्वित्झर्लंडचंच बघा, कारण तिथे लोक कायद्यावर थेट मत देतात त्यामुळे सर्व्हेवर विसंबायला लागत नाही. जून २०२१ मध्ये कार्बन कमी करायचा कायदा मतदानाला आला, त्यात विमानाच्या तिकिटावर ३० ते १२० फ्रँक अधिभार होता आणि पेट्रोल-डिझेल महाग होणार होतं. ५१.६ टक्के नाही म्हणाले, कायदा पडला. त्याच दिवशी कीटकनाशकांना आळा घालायचे दोन प्रस्तावही मतदानाला होते आणि ते हाणून पाडायला गावाकडचा मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडला होता, तोही हिशोबात धरा. दोन वर्षांनी, जून २०२३ मध्ये, दुसरा कायदा आला. त्यात २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जितका कार्बन सोडू तितका शोषून घ्यायचं, उद्दिष्ट होतं, पण नवा कर नाही, उलट जुनी हीटिंग सिस्टिम बदलायला दहा वर्षांत २ अब्ज फ्रँकची मदत. ५९.१ टक्के हो. दोन वर्षांत लोक काही संत झाले नव्हते, बिल कुणाच्या नावाने फाडलंय ते बदललं होतं.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ ला इंधनावरच्या करवाढीवरून पिवळ्या जॅकेटवाल्यांचं आंदोलन पेटलं आणि डिसेंबरमध्ये सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कार्बनवर किंमत लावायचा प्रस्ताव मतदारांनी २०१६ मध्ये पाडला, २०१८ मध्येही पाडला, आणि या दुसऱ्या वेळी मतदानाच्या तीनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, सिएटल वणव्यांच्या धुराने भरलेलं होतं. नंतर २०२१ मध्ये विधिमंडळाने स्वतःच तसा कायदा केला आणि २०२४ मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव आला तेव्हा त्याच राज्यातल्या सुमारे ६२ टक्के मतदारांनी रद्द करायला नकार दिला. म्हणजे येणारा खर्च लोकांना जितका भिववतो तितका चालू झालेला भिववत नाही, बदल्यात हातात काहीतरी दिसत असेल तर.

मला वाटतं, पण बाकीच्यांना कुठे काय पडलंय?

हेच सगळे म्हणतायत. सुरुवातीला सांगितलेल्या १२५ देशांच्या अभ्यासात विचारलं होतं की उत्पन्नातला दरमहा एक टक्का या कामासाठी द्याल का. ६९ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती लोक हो म्हणतील? सरासरी अंदाज आला ४३ टक्के. अमेरिकेतल्या २०२२ च्या एका अभ्यासात हवामानाच्या मोठ्या धोरणांना प्रत्यक्षात ६६ ते ८० टक्के पाठिंबा होता आणि लोकांचा अंदाज ३७ ते ४३ टक्के.

हो म्हणायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे ६९ मधून थोडं वजा करा, मीही करतो. पण अंदाजातली तफावत त्याने जात नाही. आपण एकटेच आहोत असं वाटणारा माणूस घरात, ऑफिसात विषय काढत नाही, त्यामुळे शेजारच्यालाही तो एकटाच आहे असं वाटतं, आणि उमेदवाराला वाटतं की इथे कुणालाच हे नकोय. माझ्या मते माहिती कमी असण्यापेक्षा ही गप्प बसण्याची सवय जास्त नडते.

ऑनलाइन पोलवर विश्वास ठेवायचा का?

कुणीही येऊन क्लिक करू शकत असेल तर नाही. आधीपासून निवडलेल्या पॅनेलवर ऑनलाइन सर्व्हे होतो तो वेगळा प्रकार, त्यातले चांगलेही असतात.

बातमीत सर्व्हे दिसला तर पटकन काय बघू?

प्रश्नाचे मूळ शब्द, आणि ते दिलेच नसतील तर तिथेच अर्धा विश्वास काढून घ्या. मग पैसे कुणी दिले, कधी विचारलं (हीटवेव्हच्या आठवड्यात विचारलं असेल तर थोडं फुगलेलं असणार), किती जणांना, आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांचं काय केलं. हा शेवटचा मुद्दा बारीक वाटतो पण तिथे पाणी मुरतं. आरोग्याच्या प्रश्नांत 'माहीत नाही' वाले बरेच असतात, त्यांना वगळून टक्केवारी काढली की दोन्ही बाजू आहेत त्यापेक्षा ठाम दिसायला लागतात.

मला सर्व्हेचा फोन आला तर काय सांगू?

वेळ असेल तर उचला, न उचलणाऱ्यांमुळेच हे आकडे वाकडे होतात. जे वाटतं ते सांगा, बरं दिसावं म्हणून 'खूप काळजी' म्हणू नका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा वाचायला सांगा, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. खरंच माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, पर्याय दिला नसला तरी म्हणा, चांगल्या सर्व्हेत त्याला वेगळा कोड असतो. आणि मोकळा प्रश्न आला, सगळ्यात मोठा प्रश्न कोणता असा, आणि तुमच्या डोक्यात आधी घरातल्या कुणाचा तरी दमा आला किंवा उन्हाळ्यातलं काम आलं, तर तेच जसंच्या तसं सांगा. त्याला हवामान म्हणायचं की आरोग्य की रोजगार, कुठल्या रकान्यात टाकायचं, ते पलीकडच्या माणसाला ठरवू दे.